दुय्यम भूमिकेचं इमान

१९३६ साली विष्णू वामन शिरवाडकर नाशिकच्या गोदावरी सिनेटोन या चित्रपट कंपनीत दाखल झाले. वय चोवीस. ‘जीवनलहरी’ हा छोटा कवितासंग्रह निघालेला होता, पण कुसुमाग्रज हे त्यांचं टोपणनाव महाराष्ट्रभर गाजायला अजून अवकाश होता. कंपनीच्या ‘सती सुलोचना’ या बोलपटाची पटकथा त्यांनी लिहिली आणि त्याच बोलपटात लक्ष्मणाचं कामही केलं. बोलपट चालला नाही. शिरवाडकर वर्तमानपत्रांकडे वळले, १९४२ मध्ये ‘विशाखा’ आली आणि पुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या चरित्रात सिनेमाच्या या दिवसांची एकदोन ओळींत बोळवण होते. मला मात्र त्या ओळींपाशी थांबावंसं वाटतं. पुढे ज्यानं मराठीला ‘नटसम्राट’मधले अप्पा बेलवलकर दिले, त्यानं पडद्यावर स्वतःसाठी घेतलेली भूमिका रामाची नव्हती, इंद्रजिताची नव्हती. एक पाऊल मागे उभ्या राहणाऱ्या भावाची होती.

सिनेमात पाच-दहा मिनिटं दिसणारं पात्र उचलायचं आणि त्याची वेगळी गोष्ट लिहायची, किंवा मित्रमैत्रिणींच्या गटात ते पात्र होऊन बोलायचं, हा नाद आता मराठी मुलामुलींनाही लागला आहे. त्याला ते फॅन फिक्शन म्हणतात, रोल-प्ले म्हणतात. मोठी माणसं हे पोरखेळ म्हणून सोडून देतात. पण या मुलांपुढचा प्रश्न शिरवाडकरांपुढच्या प्रश्नापेक्षा वेगळा नाही. मूळ कथेनं ज्याच्या पदरात थोडंच टाकलं आहे, त्याच्या पदरात आपण किती टाकायचं? आणि टाकताना तो तोच राहील याची काळजी कशी घ्यायची? या प्रश्नाचा माग काढायला नाशिकसारखं दुसरं गाव नाही.

आधी सुलोचनेचीच गोष्ट घेऊ. वाल्मीकींच्या रामायणात ही बाई नाही. इंद्रजित लक्ष्मणाच्या बाणानं मरतो, त्याच्या बायकोबद्दल वाल्मीकी काही सांगत नाहीत. पुढच्या शतकांत कुणाला तरी ती रिकामी जागा टोचली. लंकेच्या राजवाड्यात त्या रात्री कोण जागं होतं, असं कुणीतरी विचारलं. मग इंद्रजिताचा तुटलेला हात सुलोचनेच्या अंगणात येऊन पडला, त्या हातानं आपल्या मरणाची हकीकत लिहून दाखवली आणि ती बाई नवऱ्याचं शिर मागायला थेट रामाच्या छावणीत गेली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीधरस्वामींनी ‘रामविजया’त ही कथा सांगितली. कीर्तनकारांनी ती गावोगावी नेली. आज ज्याला आपण फॅन फिक्शन म्हणतो, ते आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात बसून ऐकलं गेलेलं आहे आणि ऐकताना बायका रडलेल्या आहेत.

सुलोचनेच्या कथाकारांनी मूळ कथेचा एकही खिळा उपटला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. इंद्रजित वाचला नाही. लक्ष्मण खलनायक झाला नाही. रामानं तिला हाकललं नाही. जे घडलं ते घडलंच. जिथे मूळ कवी बोलला नव्हता, तेवढ्याच जागेत नवं बांधकाम झालं. दक्षिणेतही या कथेची ओढ मोठी. कन्नडमधला पहिला बोलपट १९३४ चा ‘सती सुलोचना’च, आणि त्याचं चित्रीकरण झालं आपल्या कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये.

आता त्या छावणीत उभ्या असलेल्या लक्ष्मणाचा विचार करा. समोर बाई नवऱ्याचं शिर मागते आहे. नवऱ्याला मारलं ते यानं. राम बोलतो, बाई बोलते, सगळ्यांच्या नजरा त्या शिराकडे. लक्ष्मणानं काय करायचं? लेखकाच्या हातात लेखणी असते, मोह होतो. त्याच्या तोंडी पश्चात्तापाचं एक भाषण घालावं, युद्धाच्या निरर्थकतेवर दोन वाक्यं द्यावीत, टाळी घ्यावी. पण हा लक्ष्मण कोण आहे हे वाल्मीकींनी मोजक्या जागी पक्कं करून ठेवलं आहे. वनवासाची बातमी कळल्यावर बापावरच शस्त्र उचलायला निघालेला तो. पंचवटीत रामाच्या सांगण्यावरून शूर्पणखेला विद्रूप करणारा तो. सुग्रीवानं सीतेचे दागिने पुढे ठेवल्यावर बाहुभूषणं आणि कुंडलं त्याला ओळखता येत नाहीत, रोज पायांवर डोकं ठेवल्यामुळे पैंजण तेवढे ओळखतो. रागीट, आज्ञाधारक, आणि ज्याची नजर कायम खाली, असा माणूस. त्याला पश्चात्ताप होणारच नाही असं मी म्हणत नाही. झाला तर तो बोलून दाखवणार नाही आणि रामाच्या आधी तर मुळीच बोलणार नाही. नटाला तिथे करायला जे उरतं ते एवढंच: बाईकडे बघायचं नाही आणि तिथून हलायचंही नाही. हे काम भाषणापेक्षा कितीतरी अवघड आहे.

शिरवाडकरांच्या आयुष्यात या भूमिकेच्या मागे आणखी एक गोष्ट उभी आहे. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नाशकात नेटानं चालवला. १९३२ मध्ये वीस वर्षांचे शिरवाडकर त्या सत्याग्रहात सामील झाले. त्या देवळाच्या गाभाऱ्यात राम, सीता आणि लक्ष्मण अशा तीन काळ्या पाषाणाच्या मूर्ती आहेत. ज्यांच्या दर्शनासाठी आलेल्या दलितांना दारात अडवलं जात होतं, त्यांतल्याच एकाचा वेष या तरुणानं चार वर्षांनी अंगावर चढवला. त्याच्या मनात तेव्हा काय चाललं होतं, याची कल्पना करत बसायची गरज नाही. पण देव म्हणून ज्याला पुजतात त्याचं काम माणूस म्हणून करायचं, आणि करताना त्याचा अवमान होऊ द्यायचा नाही, यासाठी किती जबाबदारीनं वागावं लागतं हे सत्याग्रहात उभ्या राहिलेल्या माणसाला इतरांपेक्षा जास्त कळलं असणार, असं मला वाटतं.

नाशिकला हे काम करून पाहण्याची सवय त्याआधी वीसेक वर्षांपासून होती. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत काढला. ३ मे १९१३ ला तो कोरोनेशन थिएटरात लागला आणि त्यानंतर त्यांनी आपला कारखाना नाशकात हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’ हे चित्रपट इथले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, मुंबई-आग्रा महामार्गावरून जाताना दिसतं. पण फाळक्यांच्या चरित्रात मला सतत ओढून नेतो तो माणूस वेगळा: अण्णा साळुंके.

‘राजा हरिश्चंद्र’मधल्या राणी तारामतीच्या कामाला बाई मिळेना. ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात कामाला असलेल्या साळुंक्यांचे नाजूक हात आणि सडपातळ बांधा फाळक्यांच्या नजरेत भरला. दहा रुपये पगार होता, पंधरा देतो म्हणाले. साळुंके आले आणि भारतीय चित्रपटातली पहिली नायिका झाले. पुढे ‘लंकादहन’मध्ये त्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामं केली, म्हणजे ज्याची वाट पाहायची तोही आपणच आणि वाट पाहणारीही आपणच. नंतर ते कॅमेऱ्याच्या मागे गेले आणि छायालेखक म्हणून कितीतरी अधिक काम केलं.

बायकी कामं करणाऱ्या पुरुषांना फाळके कारखान्यात दिवसभर लुगडं नेसून वावरायला लावत, केर काढणं, तांदूळ निवडणं अशी घरकामं करायला सांगत, ही हकीकत नेहमी गमतीनं सांगितली जाते. मला त्यात एक मोठं तंत्र दिसतं. फाळके त्यांना ‘बाईसारखं हसा, बाईसारखं रडा’ असं शिकवत नव्हते. आधी त्या बाईचं काम करा, वाकताना पदर कुठे जातो, सूप धरल्यावर कोपर कसं राहतं ते अंगात मुरू द्या, भावना नंतर बघू, असा तो रस्ता होता. छोट्या पात्रावर लिहिणाऱ्यांना याहून चांगला धडा मला सांगता येणार नाही. बहुतेक नवखं लेखन पात्राच्या दुःखापासून सुरू होतं. सिनेमातल्या हवालदाराची गोष्ट लिहायची तर त्याचं हरवलेलं प्रेम आधी येतं, त्याची रात्रपाळी येतच नाही. बूट किती तास पायात असतात, डबा कधी उघडतो, साहेबाच्या गाडीचं दार कोण उघडतं, हे ठाऊक नसेल तर त्याच्या तोंडी घातलेलं दुःख त्याचं होत नाही, लेखकाचं राहतं.

‘राजा हरिश्चंद्र’च्या उरलेल्या रिळांत एक प्रसंग आहे. ही रिळं १९१३ च्या मूळ चित्रपटाची की १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा काढलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांत वाद आहे. राणी आणि तिच्या सख्या पाण्यात खेळताहेत. लुगडी ओली होऊन अंगाला चिकटलेली. सगळे पुरुष. राजा राणीला बोलवायला तिथे येतो. नजर राजाराणीवर राहावी अशीच प्रसंगाची रचना आहे, पण तुम्ही एकदा सख्यांकडे बघा. यांतल्या एकीलाही नाव नाही. कथेत त्यांना पुढे काही काम नाही, राज्य गेल्यावर त्या कुठे गेल्या हे कुणी विचारलेलं नाही. राणी काशीच्या बाजारात विकली गेली तेव्हा या सख्यांना कळलं का, कुणी कळवलं, की राजवाड्यात नवा राजा आला आणि त्यांनी त्याच्या राणीचे केस विंचरायला घेतले? एखाद्या मुलीनं यावर कथा लिहिली तर मी ती दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर छापावी म्हणून संपादकांशी भांडेन.

परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’नं २००९ मध्ये साळुंक्यांनाच पडद्यावरचं छोटं पात्र केलं. त्या वर्षी भारताकडून ऑस्करला गेलेला चित्रपट तो. त्यात सगळं फाळक्यांच्या कुटुंबाभोवती फिरतं. साळुंके आणि बाकीचे नट येतात, मिशा काढायला कुरकुरतात, लुगडी सांभाळतात आणि जातात. मिशीची कुरकुर साधी नव्हती. बाप गेल्याशिवाय मिशी उतरवायची नाही अशी रीत होती. मोकाशींनी कुणालाही भविष्याची चाहूल लागू दिलेली नाही. आपण इतिहास घडवतो आहोत अशा थाटात तिथे कुणी उभं राहत नाही. पंधरा रुपयांची नोकरी आहे, मालक जरा विक्षिप्त आहे, काम वेगळं आहे. ज्या माणसाला आपलं महत्त्व माहीत नव्हतं, त्याला ते शंभर वर्षांनी माहीत करून द्यायचं नाही, ही निष्ठा फार थोड्या चरित्रपटांना जमते.

रोल-प्ले हा शब्द ज्यांना परका वाटतो त्यांनी फाल्गुन-चैत्रापासून पुढे त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या बाजूला जावं. तसंच पलीकडे जव्हार-मोखाड्याला. तिथल्या आदिवासी पाड्यांत बोहाडा होतो. संबळ आणि पिपाणीच्या तालावर रात्रभर मुखवट्यांची सोंगं निघतात. गणपती येतो, शारदा येते, मग रामायण-महाभारतातली आणि गावदेवांची सोंगं एकामागून एक, आणि शेवटी देवीचं महिषासुराशी युद्ध. अनेक गावांत कुठलं सोंग कुठल्या घरानं काढायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. एखाद्या घराच्या वाट्याला रावण येतो, एखाद्याच्या वाट्याला असं सोंग येतं जे वाटेवरून नाचत जातं आणि संपतं. त्या घरातला माणूस वर्षभर शेतात राबतो, मजुरीला नाशकात किंवा द्राक्षाच्या बागांत जातो, पण आपल्या सोंगाच्या रात्री गावात हजर असतो.

तिथे बोलणं जवळजवळ नसतंच. मुखवट्यामुळे चेहरा नाही, डोळे नाहीत. पात्राची ओळख उरते ती पावलांत, खांद्यांत आणि वाद्याच्या चालीत. सोंग नाचवणारा स्वतःच्या मनानं काही वाढवत नाही. बापानं जेवढं नाचवलं तेवढं नाचवतो. शहरातला कलावंत म्हणेल, यात निर्मिती कुठे आहे? मी म्हणेन, त्या ठरलेल्या पावलांत जो जीव ओतला जातो त्यात आहे. आपलं सोंग छोटं आहे म्हणून ते लांबवावं असं तिथे कुणाला वाटत नाही, कारण मागे दुसरं सोंग टेंभ्याच्या उजेडात थांबलेलं असतं. हा शेवटचा भाग मला सगळ्यात शिकण्याजोगा वाटतो. गटात रोल-प्ले करताना मुलांची भांडणं होतात ती इथेच. दुय्यम पात्र घेतलेला मुलगा हळूहळू नायकाच्या सगळ्या लढाया स्वतः मारायला लागतो आणि मग बाकीच्यांना खेळच उरत नाही.

आता शिरवाडकरांकडे परत यायला हवं, कारण त्यांच्याच कृतीवर असा एक मोठा प्रयोग झाला आहे. २३ डिसेंबर १९७० ला गोवा हिंदू असोसिएशननं ‘नटसम्राट’ रंगमंचावर आणलं, डॉ. श्रीराम लागू अप्पा झाले. १ जानेवारी २०१६ ला महेश मांजरेकरांचा चित्रपट आला, नाना पाटेकर अप्पा झाले. आणि त्यांच्या शेजारी नाटकात नसलेलं एक पात्र येऊन बसलं: रामभाऊ, अप्पांचा जुना नट मित्र. विक्रम गोखल्यांनी ते केलं. पात्र नवं, पण लेखकाच्या जगातलं. याला फॅन फिक्शन म्हणायला मला जराही संकोच वाटत नाही, आणि त्यात कमीपणाही वाटत नाही.

रामभाऊ पटतो, कारण अप्पांच्या गर्वाला त्यांच्याच तोलामोलाचा कुणी प्रश्न विचारू शकेल अशी जागा नाटकात मोकळी होती. बायको सांभाळून घेते, मुलं दुरावतात, पण ‘तू नट म्हणून किती होतास’ हे विचारण्याचा अधिकार फक्त दुसऱ्या नटाला. गोखले तो अधिकार पुरेपूर वापरतात. दोन म्हातारे एकमेकांना टोचतात तेव्हा अप्पांचं एक अंग दिसतं जे नाटकात अंधारात होतं. पण किंमतही मोजावी लागली आहे. नाटकातल्या अप्पांना आपली भाषा समजणारं कुणी नव्हतं, ते एकटेपण त्यांच्या स्वगतांना धार देतं. मित्र मिळाला आणि ती धार काही ठिकाणी बोथट झाली. गोखल्यांच्या कामाला मी हात जोडतो आणि तरीही हे लिहितो. नवं माणूस आणलं की जुन्या माणसाच्या अंगावरचं काहीतरी ते घेतंच.

जगात हा विचार अनेकांनी केला. रवींद्रनाथांनी काव्यात उपेक्षित राहिलेल्या स्त्रियांवर निबंध लिहिला, त्यात लक्ष्मणाची ऊर्मिला होती. तिकडून हिंदीत मैथिलीशरण गुप्तांचं ‘साकेत’ आलं. टॉम स्टॉपर्ड या इंग्रज नाटककारानं १९६६ मध्ये ‘हॅम्लेट’मधले दोन किरकोळ दरबारी, रोझेनक्रँट्झ आणि गिल्डनस्टर्न, मध्यभागी आणले. शेक्सपिअरच्या प्रवेशात ते शिरतात तेव्हा शेक्सपिअरनं दिलेलंच बोलतात. बाकी वेळ आपण इथे कशाला आलो आहोत हे त्यांना कळत नाही, आणि शेवटी मूळ नाटकानं मारलं म्हणून मरतात. स्टॉपर्डनं त्यांना वाचवलं नाही, शहाणंही केलं नाही. उलट उदाहरणही आहे. ‘स्टार वॉर्स’मधला बोबा फेट १९८० च्या चित्रपटात उणीपुरी चार वाक्यं बोलला आणि जगभरच्या मुलांचा लाडका झाला. २०२१ मध्ये त्याच्यावर अख्खी मालिका निघाली. तो भरपूर बोलायला लागला, आणि ज्या गप्प राहण्यावर मुलं भाळली होती ते त्याला सोडून गेलं.

मराठीत गप्प राहिलेलं सगळ्यात मोठं छोटं पात्र कोणतं, असं मला विचारलं तर मी मारुती कांबळे म्हणेन. जब्बार पटेलांचा ‘सामना’, लेखन विजय तेंडुलकरांचं. १९७५ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. डॉ. लागूंचा मास्तर आणि निळू फुल्यांचा हिंदूराव धोंडे पाटील यांच्यातला सगळा संघर्ष या एका माणसाचं काय झालं या प्रश्नावर उभा आहे. मोहन आगाशे त्या भूमिकेत थोडाच वेळ दिसतात. प्रश्न मात्र चित्रपटातून बाहेर पडून महाराष्ट्राच्या राजकारणात आणि बोलण्यात रुळला. कुणी मारुतीची गोष्ट लिहायला घेतली तर माझी एकच विनंती असेल: त्याला हुतात्मा करून सुरुवात करू नका. आपण प्रश्नचिन्ह होणार आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला गावात राहायचं होतं. शेवटच्या दिवशी त्याच्या डोक्यात काय असेल? बहुधा उद्याचं काम.

असंच काहीसं मला ‘नटसम्राट’मधल्या राजाबद्दल वाटतं. बूटपॉलिश करणारा पोरगा, घर सोडून निघालेल्या अप्पांना आसरा देणारा. अप्पांची स्वगतं शाळा-कॉलेजच्या एकपात्री स्पर्धांत मुलं पोटतिडकीनं म्हणतात. राजाकडे कुणी वळत नाही. वळलंच कुणी, तर पहिल्या ओळीआधी काही गोष्टी ठरवाव्या लागतील. अप्पांनी गाजवलेलं एकही नाटक त्यानं पाहिलेलं असण्याची शक्यता नाही. ऑथेल्लो आणि सीझर ही त्याच्यासाठी नावं नाहीत, म्हाताऱ्याच्या तोंडून निघणारे आवाज आहेत. त्याच्याकडे एक पेटी आहे, काळ्या आणि तपकिरी पॉलिशच्या डब्या, दोन ब्रश, एक फडकं. पावसात धंदा बसतो. एका जोडीचे पैसे किती आणि दिवसाला किती जोड्या, हे त्याला पाठ आहे. दोन पोटांचा हिशेब त्या पैशांत बसत नाही हेही त्याला कळतं. आणि तरी तो या म्हाताऱ्याला जवळ ठेवतो. कशासाठी ठेवतो, ते नाटकात फार उलगडून सांगितलेलं नाही. लिहायला बसणाऱ्यानं तिथून सुरुवात करावी.